ठाण्यात पेशंटसाठी घरी माणूस ठेवायचाय? आमचा दोन ब्युरोंचा अनुभव

पहिल्या ब्युरोला १ स्टार, तोही शून्य देता येत नाही म्हणून. दुसऱ्याला ४. नावं मुद्दाम लिहीत नाहीये, पहिल्यांशी डिपॉझिटचं अजून मिटलेलं नाही आणि दुसऱ्यांचं लिहिलं तर तुम्ही म्हणाल जाहिरात करतेय.

बाबा ७६ वर्षांचे, नौपाड्यात जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. फेब्रुवारीत पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं, पण समजतं सगळं. हे 'समजतं सगळं' लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, मी घणसोलीला, नोकरी महापेला, रोज ट्रान्स-हार्बरने ठाणे करून किती दिवस रेटणार. घरी सोडलं तेव्हा नाकात जेवणाची नळी आणि लघवीसाठी कॅथेटर होतं, म्हणून हॉस्पिटलच्या बाहेर चिकटवलेल्या कागदावरचा पहिला नंबर लावला. हीच चूक.

फोनवर म्हणाले नर्स पाठवतो. आली ती बिचारी २२-२३ वर्षांची मुलगी, दोन आठवड्यांचं ट्रेनिंग झालेली. तिचा दोष नाही, पण पैसे नर्सचे घेतले ना. मला तेव्हा माहीतच नव्हतं की एएनएम किंवा जीएनएम हे नर्सिंगचे कोर्स केलेल्या नर्सचं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन असतं, नंबर मागायचा सरळ. बाकीचे अटेंडंट, ज्यांना जीडीए म्हणतात ते, अंघोळ-भरवणं-कूस बदलणं यासाठी असतात, इंजेक्शन त्यांचं काम नाही. अटेंडंट पुरत असेल तर अटेंडंटच घ्या, पण मग अटेंडंटचेच पैसे द्या.

तर ही मुलगी डायपर बदलायला लागली की बाबा तोंड भिंतीकडे करायचे. आम्हाला वाटलं आजारपणामुळे चिडचिड. दार उघडं, हॉलमध्ये आत्या बसलेली, मुलीच्या कानात हेडफोन, गावाकडे गप्पा चालू आणि हाताने पुसणं चालू. एक शब्द बाबांशी नाही.

रात्रीला दुसरी बाई यायची. नवव्या दिवशी मी सकाळी लवकर पोचले तर बाबांचा डावा हात, म्हणजे जो एकच हात चालतो तो, ओढणीने पलंगाच्या दांडीला बांधलेला. मनगटावर लाल वळ. ब्युरोला फोन केला तर "मॅडम, पेशंट नळी उपसतो, बांधायलाच लागतं, सगळीकडे असंच करतात." त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले नळी का ओढतायत ते बघितलं का कोणी? चिकटपट्टीखाली नाकाची कातडी सोलवटली होती, आग होत असणार. त्यांनी पट्टीची जागा बदलली, नळी गालावरून नीट चिकटवून दिली, ओढणं दोन दिवसांत बंद. एवढंच होतं. आणि नऊ दिवसांत टाचेला बेडसोअरची सुरुवात, कारण रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची तर बाई झोपलेली. मी दुसऱ्या दिवशी दोघींना बंद केलं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही फुकट हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८, हे मला फार उशिरा कळलं, तुम्ही सेव्ह करून ठेवा.

दुसरा ब्युरो फिजिओवाल्या मॅडमनी सुचवला. यांनी माणूस पाठवायच्या आधी सुपरवायझर सिस्टर पाठवल्या, साधारण पन्नाशीच्या. मी सवयीने सुरू झाले, बाबांना हे चालतं ते चालत नाही, त्यांनी हाताने थांबवलं आणि खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसल्या, डाव्या बाजूला. विचारलं, "काका, माणूस पुरुष पाठवू की बाई?" मग गप्प. मला तर ती शांतता सहन होईना, मी उत्तर देणार होते, त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाबा बऱ्याच वेळाने म्हणाले, "पु...रुष." मग, "अंघोळ कधी आवडते?" पुन्हा तेवढाच वेळ. "चार."

संध्याकाळी चार! बाबा तीस वर्षं वागळे इस्टेटला फर्स्ट शिफ्ट करायचे, घरी येऊन चारला अंघोळ आणि मग चहा, हे मला आणि आईला माहीत होतं आणि तरी आम्ही त्यांना सकाळी सहाला गार फरशीच्या खोलीत स्पंजिंग करवत होतो कारण मुलीची ड्युटी तशी सोयीची होती. आई तिथेच रडायला लागली.

आता जो दादा येतो तो शहापूरकडचा, आसनगावहून लोकलने. शर्ट घालताना आधी लुळा हात, मग चांगला, काढताना उलट. उठवताना लुळ्या हाताला धरून कधीच ओढत नाही, खांदा निखळतो म्हणाला. आम्ही सगळे आजवर तोच हात धरून ओढत होतो. काही करायच्या आधी सांगतो, "काका, आता कूस बदलतोय हां." दार लावतो, अंगावर चादर ठेवूनच पुसतो. नळी निघाल्यावर भरवताना पाठ सरळ, घास लहान, गिळलं बघूनच पुढचा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देत नाही, बाबा कितीही डोळे वटारू देत. वहीत सगळं लिहितो, पाणी किती, लघवी किती, गोळी कधी, कूस कधी. एकदा गोळी चुकली तर ती पण लिहिली होती, स्वतःच्या हाताने, आणि सिस्टरना फोन केला होता. मला तिथे खरा विश्वास बसला.

एक गोष्ट आमच्या बाजूची. आईने त्याचा चहाचा कप वेगळा ठेवला होता, खिडकीत. मी बघून न बघितल्यासारखं केलं. सिस्टर महिन्याच्या व्हिजिटला आल्या तेव्हा त्यांनी बघितला आणि आईला म्हणाल्या, "काकू, हाच हात काकांच्या तोंडात घास घालतो ना?" कप गेला. आठवड्याची एक सुट्टी आणि दुपारी एक तास पाठ टेकणं हेही त्यांनी अॅग्रीमेंटमध्ये घातलंय, आधी मला जास्त वाटलं होतं. बारा तास माणूस उचलून बघा एकदा.

मग एक स्टार का कापला? बदली माणूस वेळेवर येत नाही. गणपतीत तर तीन दिवस कोणीच नाही, सगळे गावाला, आणि हे आम्हाला आदल्या रात्री कळलं. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. अॅग्रीमेंट इंग्रजीत, आईला मी वाचून दाखवलं. रात्री नऊनंतर फोन उचलतीलच असं नाही. आणि पुरुष अटेंडंटचे पैसे जास्त, आम्ही १२ तासांचे दिवसाला ९५० देतो, वर एक महिन्याचं डिपॉझिट, सोडायचं तर सात दिवस आधी सांगायचं.

लिफ्ट नसेल तर पहिल्या फोनलाच सांगा. आम्ही सांगितलं नव्हतं, व्हीलचेअर खाली उतरवायला दोन माणसं लागतात आणि दुसऱ्याचे वेगळे लावतात.