जोरकस हातासाठी कॅनव्हास: सावंतवाडीजवळच्या एका सुतारशाळेतलं काम

अमूर्त चित्रकाराचा कॅनव्हास मार खातो. रोलर दाबून फिरवायचा, पॅलेट नाइफनं (रंगाच्या बोथट सुरीनं) ओला रंग खरवडायचा, सहा इंची ब्रश एका दमात खांद्यातून ओढायचा, आणि हे सगळं एकाच चित्रावर पाच-सहा थरांत. बाजारातल्या तयार कॅनव्हासमागच्या लाकडी चौकटीची पाऊण इंची पट्टी हा दाब सोसत नाही. चौकट पिळवटते आणि चित्र भिंतीवर एका कोपऱ्यानं उचलल्यासारखं लटकतं. म्हणून कुडाळहून सावंतवाडीला जाताना लागणाऱ्या या सुतारशाळेबद्दल लिहायला हवं. मूळ धंदा दारं-खिडक्यांचा, कॅनव्हासच्या चौकटी मागणीप्रमाणे.

लाकूड जुन्या घरांतून निघालेलं सागवान. वासे-तुळयांत कित्येक वर्षं राहून ते पुरतं मुरलेलं असतं, त्यामुळे पावसाळा आला तरी फारसं वळत नाही. स्वस्तात म्हणून आंब्याची पट्टी मागू नका. तिला भुंगा लागतो, आणि मागच्या बाजूला भुसा दिसेपर्यंत पट्टी आतून पोकळ झालेली असते.

खरं कसब पट्टीच्या उतारात आहे. अडीच इंच रुंद, दीड इंच जाड पट्टीची बाहेरची कड दोन सूत (पाव इंच) उंच ठेवून बाकीचा भाग रंधा मारून आतल्या बाजूला उतरता केलेला असतो. कॅनव्हास टेकतो तो फक्त त्या कडेवर. हात फिरवून बघा, कडही गोल मारलेली असते, कापडाला काचत नाही. हा उतार नसेल तर नाइफ पट्टीवरून जाताना नेमका तिथे जास्त रंग खरवडला जातो आणि चौकटीची सरळ रेघ चित्रात उमटते. वर कितीही थर द्या, तिरप्या उजेडात ती दिसतेच. हलक्या हातानं काम करणाऱ्याला हे कधी जाणवणार नाही. रंग आणि हाताची झेप यांवरच ज्याचं चित्र उभं आहे, त्याचं चित्र या एका रेघेनं जातं.

कोपरे खाचेत बसवलेले असतात, गोंद किंवा खिळा नाही. प्रत्येक कोपऱ्यात दोन अशा आठ पाचरी मिळतात; त्या ठोकल्या की कोपरा जरा उघडतो आणि कापड ताणलं जातं. आपल्या हवेत हे हवंच. मे महिन्यात डफासारखा ताणलेला कॅनव्हास जुलैत झोळी होतो. तेव्हा कापड आणि पाचर यांच्यामध्ये जाड पुठ्ठा सरकवायचा आणि आठही पाचरींना हलक्या हातोडीनं सारखे एक-दोन ठोके द्यायचे. एकच कोपरा ठोकलात तर चौकट गुण्यातून (काटकोनातून) जाते, म्हणून शेवटी दोन्ही कर्ण मोजून घ्या. मागून पाणी शिंपडून कापड आवळायची युक्ती कोकणात तरी करू नये. ताण दोन दिवस टिकतो, बुरशी मात्र मुक्कामाला येते.

आता खटकलेल्या गोष्टी. तीन फुटांवरच्या चौकटीला आडवी पट्टी आणि पाच बाय सहाला अधिक चिन्हासारख्या दोन पट्ट्या ते न सांगता घालतात, हे चांगलं. पण त्या कधी कधी कडेच्या बरोबरीनं बसवल्या जातात. मग नको असलेली रेघ थेट चित्राच्या मधोमध. ऑर्डर देतानाच ‘मधली पट्टी चार सूत आत’ असं कागदावर लिहून द्या.

प्रायमर मारलेला कॅनव्हास इथून घेऊच नका. भिंतीच्या प्रायमरचा एकच जाड हात असतो. तो रंगातलं पाणी शोषून घेतो, ब्रश अर्ध्या वाटेत अडतो आणि गुंडाळताना भेगा पडतात. कोरं बारा औंसाचं सुती कापड ताणून घ्या आणि जेसो (रंगाआधीचं पांढरं अस्तर) स्वतः लावा. पहिल्या हाताला चौथा हिस्सा पाणी, मग दोन हात घट्ट, एक उभा आणि एक आडवा, मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर. पावसाळ्यात प्रत्येक हाताला पूर्ण दिवस द्या. वरून कोरडा लागला तरी आत ओल असते.

कापड ताणण्यात मात्र खोट नाही. चारही बाजूंच्या मधून सुरुवात करून कोपऱ्यांकडे जातात, पिना दीड इंचावर, आणि मागे दोन इंच कापड न कापता दुमडून ठेवतात. पुढे कधी चित्र चौकटीवरून उतरवून पुन्हा ताणायचं झालं तर पकडीला तेच कापड लागतं.

वासुदेव गायतोंडे रोलर आणि नाइफनं थरावर थर चढवत, उतरवत. १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडलेल्या या चित्रकाराचं काम २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात लागलं. इतका पल्ला गाठायचा तर रंगाखालचं कापड आणि लाकूडही तितकंच टिकायला हवं. प्रभाकर कोलते याच कुडाळ तालुक्यातल्या नेरूरपारचे. ज्या मातीतून असा अमूर्त चित्रकार आला, तिथे आज जाणत्या हातची चौकट मिळते याचा मनापासून आनंद आहे.

पॅकिंग स्वतः करा. इथे बबल रॅपचे फुगे रंगाच्या बाजूला लावून देतात. अॅक्रिलिक उन्हाळ्यात मऊ राहतं, टेम्पोत तापलं की चित्रभर गोल ठसे. आधी सिलिकॉनचा बेकिंग पेपर, मग फुगे बाहेरच्या बाजूला. मुंबईला मोठं चित्र गुंडाळून न्यायचं असेल तर किमान सहा इंची पीव्हीसी पाइप घ्या आणि रंग बाहेरच्या अंगाला ठेवा. आत ठेवलात तर थर एकमेकांवर दाबले जाऊन चुरगळतात. नाइफनं अर्धा इंच उभा केलेला रंग मात्र गुंडाळूच नये. तो चौकटीसकटच जाऊ द्या.

ऑर्डर जानेवारी ते एप्रिलमध्ये द्या. गणपतीच्या आधी महिनाभर मखरं आणि पाटांची कामं असतात, तेव्हा चौकटी घेत नाहीत.