रोज तेवढंच खायचं, की पाळीच्या तारखा बघून?

डाएटचे तीन आठवडे छान जातात. मग एका संध्याकाळी पाच वाजता हात चिवड्याच्या डब्यात जातो, डबा अर्धा होतो आणि रात्री स्वतःचाच राग येतो. दोन-तीन दिवसांनी पाळी येते. माझं हे वर्षभर चाललं होतं आणि मला वाटायचं, मनाचा निग्रहच कमी पडतोय. कॅलेंडरवर खुणा करायला लागले तेव्हा दिसलं की घसरण दर महिन्याला त्याच चार-पाच दिवसांत होते.

ही भूक खरी असते. बीज सुटण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन वाढलेलं असतं आणि ते भूक दाबतं. जेवल्यावर ‘आता पुरे’ सांगणारं कोलेसिस्टोकायनिन हे आतड्यातलं हार्मोनही त्यामुळे जास्त जोरात काम करतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. नंतरच्या साधारण दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन चढतं आणि इस्ट्रोजेनचा तो लगाम सैल पडतो. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तर या काळात बायका सरासरी दिवसाला १७० कॅलरीच्या आसपास जास्त खातात. म्हणजे जेमतेम मूठभर शेंगदाणे! आपण मात्र दिवसभर ती भूक मारत बसतो आणि संध्याकाळी फरसाणावर तुटून पडतो.

आता निवड. पहिला मार्ग, महिनाभर रोज एकच आकडा, समजा १६०० कॅलरी. डोक्याला ताप नाही, घरातल्यांबरोबर जेवता येतं, डबाही रोज सारखाच. अडचण फक्त पाळीआधीच्या आठवड्याची, पण तिथेच बहुतेक डाएट मोडतात.

दुसरा मार्ग, महिन्याची बेरीज तीच ठेवून वाटणी बदलायची. २८ दिवसांचं चक्र धरलं तर पाळीआधीचे १० दिवस १७५०, उरलेले १८ दिवस साधारण १५२०. भूक कमी असते त्या दिवसांत एका पोळीची काटछाट फारशी जाणवत नाही. वाढीव १५० मात्र आधीच ठरवून, चार वाजता खायचे: मटकीची उसळ, नाहीतर शेंगदाणे आणि गुळाचा लहान खडा. मला हाच मार्ग मानवला. डेन्मार्कमध्ये ६० बायकांवर सहा महिने याच्याशी मिळताजुळता प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ साली आले. एका गटाने पाळीच्या टप्प्यांनुसार आहार आणि व्यायाम बदलला, दुसऱ्याने साधं कमी कॅलरीचं डाएट केलं. सगळ्यांचा हिशेब धरला तर दोन गटांत ठळक फरक नव्हता. पाळीनुसारचा कार्यक्रम ज्यांनी नेटाने पाळला, त्यांचं वजन मात्र दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरलं. म्हणजे जादू यात नाही. टिकून राहायला मदत होते, एवढंच.

‘पाळीआधी मेटाबॉलिझम वाढतो, बिनधास्त खा’ हे मात्र मनावर घेऊ नका. शरीराचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं हे खरं, पण त्यापायी खर्च होणाऱ्या कॅलरी थोड्याच असतात.

तुमची पाळी नियमित असेल आणि घसरण ठरावीक दिवसांत होत असेल, तर दुसरा मार्ग घ्या. पीसीओडीमुळे तारखांचा भरवसा नसेल, किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर पहिलाच बरा. बीजच सुटत नसेल तर हार्मोन्सचा हा चढउतार तसा होतच नाही, मग कॅलेंडर कशाच्या आधारावर आखणार? तरी संध्याकाळचं खाणं आधी ठरवून ठेवा, ते कुणालाही उपयोगी पडतं.

मार्ग कुठलाही असो, वजनकाट्याशी भांडू नका. पाळीच्या तोंडावर अंगात पाणी साठतं, काटा किलोभर वर जातो आणि मैत्रिणी तिथेच डाएट सोडून देतात. या महिन्यात पाळीच्या सहाव्या दिवशी वजन केलं असेल, तर पुढच्या महिन्यातल्या सहाव्या दिवसाशीच ते ताडून बघा.

आणि डाएट सुरू केल्यावर पाळी लांबायला लागली किंवा थांबलीच, तर खाणं फारच कमी पडत असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा दोन्ही मार्ग बाजूला ठेवा, पोटभर जेवायला लागा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.