तीन सिलिंडरचा मिनी ट्रॅक्टर आठ महिने वापरल्यावर: थंडीत स्टार्ट न होण्याचा सगळा हिशेब

जून ते जानेवारी असा वापर, काम सगळं द्राक्षबागेतलं: ब्लोअर, रोटाव्हेटर आणि अधूनमधून छोटी ट्रॉली. ठिकाण निफाड तालुका, म्हणजे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तो पट्टा. ट्रॅक्टर 18 एचपीच्या आसपासचा, हीटर प्लग (सुरू करण्याआधी विजेने तापणारा प्लग) असलेला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खालचं बहुतेक सगळं या बनावटीच्या कोणत्याही छोट्या ट्रॅक्टरला लागू आहे.

बाकीचं थोडक्यात. ओळीत आरामात फिरतो, वळायला जागा कमी लागते, ब्लोअर ओढताना दम लागत नाही. भरलेली ट्रॉली चढावर नेण्याची अपेक्षा ठेवू नका. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत एका सेल्फला सुरू. खरी परीक्षा डिसेंबरात, पहाटे फवारणीला निघताना.

आधी तुलनेचा घोळ मिटवू. "शेजारचा 45 एचपी ट्रॅक्टर हीटरशिवाय सुरू होतो, मग हा का नाही?" मोठ्या ट्रॅक्टरात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर पडतं. या छोट्या इंजिनात ते हेडमधल्या वेगळ्या कप्प्यात पडतं. गारठ्यात त्या कप्प्याच्या भिंती दाबाने तापलेल्या हवेची ऊब खाऊन टाकतात. त्यामुळे कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबण्याचं प्रमाण, 22:1 च्या घरात असूनही हीटरशिवाय डिझेल पेटत नाही. हा दोष नव्हे, बनावटच तशी आहे. बदल्यात इंजिनचा आवाज मऊ असतो.

सुरू करायची रीत अशी बसली: गिअर न्यूट्रल, पीटीओ (अवजारं फिरवणारा शाफ्ट) बंद, क्लच पूर्ण दाबलेला. क्लच फक्त सेफ्टी स्विचसाठी नाही. गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं ऑइल एकच, ते गारठून घट्ट झालेलं असतं आणि क्लच न दाबता सेल्फ मारला की ते सगळं सेल्फलाच ढवळावं लागतं. ॲक्सिलरेटर अर्ध्यावर. ऑक्टोबरात हीटर 5 सेकंद पुरतो, कडाक्यात 10. मग लगेच सेल्फ. मध्ये गप्पा मारल्या तर ऊब गेली. सेल्फ 10 सेकंदांपेक्षा जास्त नाही, नंतर किमान अर्धा मिनिट थांबा आणि हीटर पुन्हा पहिल्यापासून. तीनही प्लग मिळून 25 ते 30 ॲम्पिअर ओढतात, म्हणून बॅटरी मवाळ असताना हीटर मिनिटभर दाबून धरला तर सेल्फच्या वाटणीला काहीच उरत नाही.

तरीही सुरू होत नसेल तर पाना उचलण्याआधी सायलेन्सरकडे बघा. सेल्फ फिरताना धूर निघतो की नाही, एवढ्यावर निम्मं निदान होतं. बहुतेकजण सरळ नवी बॅटरी आणतात किंवा पंप खोलायला देतात, आणि तिथेच पैसे जातात.

इंजिन चांगल्या वेगाने फिरतंय आणि पांढरा धूर येतोय, याचा अर्थ डिझेल पोहोचतंय पण पेटत नाही. इथे पहिला संशय हीटरवर. डॅशवरचा दिवा लागतो म्हणून हीटर ठीक, असं समजू नका; दिव्याचा आणि प्लगच्या टोकाचा थेट संबंध नसतो. तिन्ही प्लगना जोडणारी पट्टी काढा आणि मल्टिमीटरने प्रत्येक प्लग वेगळा तपासा. गार प्लगला साधारण 1 ओहम किंवा त्याहून कमी दाखवलं पाहिजे (मीटरच्या वायरींचे 0.2-0.3 वजा धरा). काहीच दाखवत नसेल तर प्लग मेला. पट्टी न काढता मोजलंत तर तीनही प्लग एकत्र मोजले जातात आणि मेलेला लपून राहतो. एक प्लग गेला असेल तर इंजिन सुरू होतं, पण पहिली दोन-तीन मिनिटं थरथरत, पांढरा धूर सोडत चालतं. लोक याला नोझल (डिझेल फवारणारं तोंड) खराब म्हणतात.

ओहम बरोबर आले तरी प्लग काढून पकडीत धरून 12 व्होल्टवर लावून बघा. दहाएक सेकंदांत टोक लाल झालं पाहिजे. मधलाच भाग लाल होत असेल आणि टोक काळंच राहत असेल तर बदला. प्लग इंजिन कोमट असताना, आदल्या रात्री गंज सैल करणारं ऑइल सोडून, हळू काढा. कार्बनने धरलेला प्लग जोर केला की हेडमध्येच तुटतो, आणि मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

या ट्रॅक्टरचे तीनही प्लग धडधाकट होते. पण हीटर चालू असताना पट्टीवर मिळत होते 8.5 व्होल्ट, बॅटरीवर 12 च्या आसपास. मधले व्होल्ट रिलेच्या (हीटरला वीज जोडणाऱ्या स्विचच्या) पायाला चढलेल्या हिरव्या गंजात जिरत होते. बागेतल्या ट्रॅक्टरला हे होणारच: बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) आणि इतर फवाऱ्यांचं धुकं बॉनेटच्या आत जाऊन प्रत्येक उघड्या टर्मिनलवर बसतं. सँडपेपर मारला, घट्ट आवळलं, वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात दिला. पट्टीवर 11 च्या वर आले. खर्च शून्य.

सेल्फ रडत फिरतो तेव्हा मोजमाप वेगळं. स्टॉपचा नॉब ओढून धरा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि सेल्फ मारताना मीटर थेट बॅटरीच्या शिशाच्या पोलांवर लावा. 9.6 च्या खाली गेलं तर बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा बघा, त्यातल्या ॲसिडची घनता 1.260 च्या आसपास यायला हवी. व्होल्ट टिकतात आणि तरी सेल्फ मंद, तर सेल्फ मारतानाच मीटरची एक वायर निगेटिव्ह पोलला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या बोल्टला लावा. 0.3 पेक्षा जास्त आलं की अर्थिंगची केबल दोषी. रंगावर आवळलेली अर्थिंग हा नव्या ट्रॅक्टरातही सापडणारा प्रकार आहे. केबलही ठीक असेल तर मग सेल्फचे कार्बन ब्रश आणि बुश बघा. इंजिन ऑइलही बघा: पुस्तकात 15W-40 लिहिलं असताना जाड ऑइल भरलं तर पहाटे सेल्फला ते जाणवतं.

धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेलच पोहोचत नाही. स्टॉपचा नॉब पूर्ण आत गेलाय का, किल्ली फिरवल्यावर सोलेनॉइडचा (डिझेल सोडणाऱ्या विजेच्या झडपेचा) टिक आवाज येतो का, टाकीचा कॉक उघडा आहे का, हे आधी. हसू नका, गारठ्यात केबल अडकते.

पुढचा मुद्दा फार कमी जणांना माहीत असतो. आपल्याकडच्या डिझेलची हिवाळी आणि उन्हाळी प्रत वेगळी. फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा भारतीय मानकात हिवाळी डिझेलला 6 अंश आणि उन्हाळी डिझेलला 18 अंश आहे. पावसाळ्याआधी ड्रममध्ये भरून ठेवलेलं डिझेल डिसेंबरच्या पहाटे वापरलं तर त्यातलं मेण फिल्टरच्या कागदावर धरू शकतं. काचेच्या बरणीत थोडं डिझेल रात्री बाहेर ठेवा; सकाळी गढूळ दिसलं तर उत्तर मिळालं. उपाय म्हणजे नोव्हेंबरनंतर पंपावरून ताजं डिझेल, जुनं संपेपर्यंत दुपारच्या कामाला. फिल्टरच्या वाटीतलं पाणीही याच वेळी काढून टाका. रॉकेल मिसळण्याचा सल्ला मिळेल. पंपाला वंगण डिझेलचंच असतं, तेव्हा नकोच.

आणखी एक लक्षण: सकाळी लगेच सुरू होतो, काही सेकंद चालतो, बंद पडतो, मग धूरही नाही. ही एअर, म्हणजे डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा. टाकी अर्ध्याखाली असताना जास्त होतं, कारण रात्रीत डिझेल मागे उतरतं. गळती शोधून सापडत नाही, कारण ओढणाऱ्या बाजूचा पाइप डिझेल बाहेर टाकत नाही, हवा आत घेतो. फिल्टरनंतर तात्पुरता पारदर्शक पाइपचा तुकडा लावा, बुडबुडे दिसतील. क्लिपा आणि तांब्याचे वॉशर नवे टाका. जुने वॉशर पुन्हा आवळून काही दिवसच निभतं. एअर काढताना क्रम फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलचे नट अर्धा आटा सैल. नोझलच्या पाइपसमोर हात धरू नका, ती धार कातडीत शिरते.

स्टार्टिंग स्प्रे या इंजिनात मारू नका. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधी भडकतो आणि पिस्टनच्या रिंगांच्या कडा तुटतात. एअर क्लीनरपाशी पेटता बोळा धरण्याचंही तेच, वर आगीची भीती.

हे सगळं ठीक असूनही गार असतानाच त्रास आणि दुपारी नाही, तर टॅपेट क्लिअरन्स (वाल्वजवळची फट) बघा. वाल्व पूर्ण बसत नसेल तर कॉम्प्रेशन गळतं. त्यानंतरच कॉम्प्रेशन गेज लावायचं, आणि तीन सिलिंडरांत 10 टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर हेड खोलायचं. या ट्रॅक्टरात तिथपर्यंत जावं लागलं नाही. एक तक्रार मात्र राहते: मधला प्लग डिझेलच्या पाइपांमागे असल्यामुळे साध्या सॉकेटने निघत नाही, 12 नंबरचं लांब सॉकेट जवळ ठेवावं लागतं.