१५ अँपिअरचा पॉइंट की भिंतीवरचा चार्जर?

इलेक्ट्रिक गाडी बुक केली की शोरूममध्ये लगेच विचारतात, ‘चार्जर कुठे बसवायचा?’ बसवायचा की नाही, हे कोणी विचारत नाही. गाडीबरोबर डिकीत येणारा, १५ अँपिअरच्या पॉइंटला लागणारा ३.३ किलोवॉटचा पोर्टेबल चार्जर मग ‘अडीअडचणीला असू द्या’ म्हणून बाजूला पडतो. घरच्या आहे त्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला हरकत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यामुळे १५ अँपिअरच्या साध्या पॉइंटवर भागेल का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आमच्याकडे दोन्ही आहेत. नाशिकमध्ये रो-हाउस, सिंगल फेज मीटर, गाडीची बॅटरी ४५ युनिटची. ऑफिस सिन्नरला, म्हणजे जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर, म्हणजे आमच्या भाषेत ‘बॉक्स’, गाडीबरोबरच बसवून मिळाला होता.

वेगात तुलनाच नाही. रिकामी बॅटरी त्या बॉक्सवर साडेसहा-सात तासांत भरते, १५ अँपिअरवर पंधरा तास धरून चाला. पण रोज रिकामी गाडी घेऊन घरी कोण येतं? रात्री दहाला लावून सकाळी सहाला काढली तरी साध्या पॉइंटवर वीस-बावीस युनिट आत जातात. युनिटला सहा-सात किलोमीटर धरले तर हे सव्वाशे ते दीडशे किलोमीटर झाले. माझं रोजचं धावणं त्याच्या निम्म्यावर आहे. शिवाय टाटाची ३०.२ युनिटची जुनी नेक्सॉन किंवा एमजीची सुरुवातीची कॉमेट घेत असाल, तर त्या गाड्यांच्या आतलाच चार्जर ३.३ किलोवॉटचा आहे. भिंतीवर काहीही टांगा, त्याहून जास्त वीज त्या घेणार नाहीत.

आता बॉक्सचं खरं दुखणं. तो ३२ अँपिअर ओढतो. आमचा मेन एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा खटका, ४० चा. मे महिन्यात दोन खोल्यांतले एसी मिळून चौदा-पंधरा, त्यात आईने झोपण्याआधी पाय शेकायला म्हणून गीझर लावला की आणखी नऊ. बेरीज पंचावन्नच्या पुढे जाते. गंमत अशी की एमसीबी लगेच पडत नाही. लगेच पडला असता तर निदान कळलं असतं. तो तापत राहतो आणि अर्ध्या तासाने, कधी तासाभराने पडतो. म्हणजे नेमका सगळे आडवे झाल्यावर. मग अंधारात जिना उतरून मीटरच्या पेटीपर्यंत जा, खटका वर करा, गाडीची वायर काढा, आणि वर येईपर्यंत आईचा आवाज ऐका: “तुझी गाडी परत जेवायला बसली वाटतं!”

यावर उपाय सगळे सांगतात. टायमर लावा. लावला. पण उन्हाळ्यात एसी रात्रभर चालतात, त्यामुळे अकराला पडणारा एमसीबी अधूनमधून दोनला पडू लागला. मोबाइलवरून बॉक्सचा करंट १६ वर आणा. आणला. मग तो १५ अँपिअरचाच पॉइंट झाला की, फक्त महागाचा! लोड वाढवून घ्या. इथे सिंगल फेजची मर्यादा ४० अँपिअरची, त्यापुढे थ्री फेज घ्यावं लागतं आणि त्याचा स्थिर आकार दर महिन्याला जास्त बसतो. एवढं करूनही ७.२ चा बॉक्स एकाच फेजवर बसतो. वायरमनने नेमका गीझर त्याच फेजवर ठेवला तर पुन्हा जिना आहेच.

पोर्टेबल चार्जर चौदाच्या आसपास ओढतो. दोन एसी, गीझर, गाडी सगळं मिळून चाळिशीच्या आत राहतं. त्यावर आल्यापासून रात्री मेन पडलेला नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

मात्र ‘साधा पॉइंट’ म्हणजे इस्त्रीचा पॉइंट नव्हे. इस्त्री दहा मिनिटं चालते, गाडी आठ तास सलग ओढते. सॉकेटची पकड ढिली असेल तर पिनेशी उष्णता साठते आणि प्लास्टिक पिवळं पडायला लागतं. म्हणून पार्किंगमध्ये वेगळा पॉइंट घ्या: मेन बोर्डापासून थेट ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, वीज गळली की पुरवठा तोडणारं ३० मिलिअँपिअरचं गळतीसंरक्षण आणि चांगल्या कंपनीचं नवं सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. माझी तपासणी हाताने होते. तासाभराने प्लग धरून पाहायचा. कोमट लागला तर ठीक, हात मागे घ्यावासा वाटला तर वायरमनला बोलवायचं.

अर्थिंगला तर पर्यायच नाही. निफाडजवळ सासुरवाडीला पोर्टेबल लावला की लाल दिवा लागायचा आणि गाडी ढिम्म. घराचं अर्थिंग नावापुरतं होतं. मीठ-कोळशाचा खड्डा नव्याने केला तेव्हा चार्जर हिरवा झाला. आता सासरे उन्हाळ्यात आठवणीने त्यात पाणी ओततात. बॉक्सलाही हेच अर्थिंग लागतं, पण बॉक्स काही निफाडला नेता येत नाही.

बिलात दोन्हींत फार फरक पडत नाही. हळू चार्जिंगमध्ये गाडीची स्वतःची यंत्रणा जास्त वेळ जागी राहते, त्यामुळे थोडी वीज जास्त वाया जाते, एवढं बॉक्सच्या बाजूने म्हणता येईल. खरा फटका टप्प्याचा. महिन्याला दोनशेवर युनिट वाढले की घरगुती बिल १०१ ते ३०० युनिटच्या टप्प्यातून पुढच्या, महागड्या टप्प्यात जातं, मग चार्जर कुठलाही असो. महाराष्ट्रात गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळा दर आहे, पण त्याला वेगळं मीटर लागतं. तो हिशेब आपापल्या बिलावर करून बघावा.

रोजचं धावणं दीडशेच्या वर असेल, घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या असतील किंवा थ्री फेज आधीपासून असेल, तर बॉक्स घ्या. मी अडवणार नाही. आमचाही भिंतीवर आहेच. पुण्याहून रात्री परत येऊन सकाळी पुन्हा निघायचं असलं की तो कामाला येतो, फक्त आधी आईला विचारावं लागतं.