स्कॉटलंड की इंग्लंड : 50 हजार पौंड पगारावर किती आयकर?

एडिनबरातल्या कचेरीत काम आणि घर सीमेपलीकडे इंग्लंडच्या बेरिकमध्ये, तर दर इंग्लंडचाच लागतो. नोकरी कुठे आहे हे नव्हे, तर वर्षातले जास्त दिवस मुख्य घर कुठे होते, हे इथे बघतात.

2025-26 मध्ये दोन्हीकडे पहिले 12,570 पौंड करमुक्त. पुढे इंग्लंडमध्ये 50,270 पर्यंत सरसकट 20 टक्के. स्कॉटलंडमध्ये 19, 20, 21 अशा पायऱ्या आणि 43,662 च्या वर थेट 42. म्हणून 50,000 पगारावर इंग्लंडमध्ये 7,486 पौंड कर, तर स्कॉटलंडमध्ये सुमारे 9,014. फरक 1,528 चा! 25,000 पगारवाल्याचे मात्र स्कॉटलंडमध्ये 28 पौंड वाचतात.

खरी मेख 43,662 ते 50,270 या पट्ट्यात आहे. नॅशनल इन्शुरन्सचा (पगारातून कापल्या जाणाऱ्या सामाजिक सुरक्षेच्या हप्त्याचा) 8 टक्के दर 50,270 पर्यंत दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे या पट्ट्यातल्या प्रत्येक वाढीव पौंडातला अर्धा स्कॉटलंडमध्ये कापला जातो. इंग्लंडमध्ये 28 टक्केच. पगारवाढ मागताना हे गणित आधी मांडा.

घर बदलले की पत्ता करखात्याला लगेच कळवा. नोकरीच्या ठिकाणी कळवून भागत नाही. स्कॉटलंडच्या पगारपत्रकात कर-कोड (किती कर कापायचा हे सांगणारा संकेत) ‘एस’ने सुरू होतो, उदाहरणार्थ एस1257एल. तो ‘एस’ राहून गेला की 50,000 सारख्या पगारावर कर कमी कापला जातो आणि नंतर एकदम वसुली येते.

बँकेचे व्याज आणि लाभांश यांना मात्र दोन्हीकडे एकच दर.