बीप वाजत होता, तरी म्हणाला मदरबोर्ड मेला

मी साताऱ्यात घरूनच डीटीपीची कामं करते. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल पावसाळ्यात येतात आणि सभेची तारीख ठरलेली असते, त्यामुळे त्या दिवसांत एक दिवसही वाया घालवून चालत नाही. नेमका तेव्हाच एका सकाळी कॉम्प्युटर अडला. पंखा फिरत होता, दिवा लागला होता, पण स्क्रीन काळीच. आतून एक लांब बीप, जरा थांबून पुन्हा तसाच, असं चालूच.

ओळखीतून नंबर मिळालेला दुरुस्तीवाला दुपारी आला. त्याने कॅबिनेट उघडलंसुद्धा नाही. दोनदा बटण दाबून आवाज ऐकला आणि म्हणाला, ‘‘ताई, मदरबोर्ड मेलाय. हा आवाज त्याचाच. अजून चालू-बंद करत बसलात तर हार्ड डिस्कपण जाईल.’’ मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग ज्याला जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड. आणि हार्ड डिस्कमध्ये अर्धा अहवाल होता. माझे हातपाय गळाले. ‘‘दादा, काय लागेल ते करा,’’ एवढंच बोलले.

मशीन तो घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणून दिलं. ५,८०० रुपये झाले. साध्या कागदावर ‘मदरबोर्ड बदलला’ एवढंच लिहिलेलं. कंपनी नाही, सीरियल नंबर नाही. जुना बोर्ड मागितला तर म्हणाला, एक्स्चेंजमध्ये गेला. कॉम्प्युटर सुरू झाला होता, त्या आनंदात मी जास्त विचारलं नाही.

मग मोठी फाइल उघडली की मशीन अडकायला लागलं. गणपतीला भाचा आला, त्याने टास्क मॅनेजरमध्ये मेमरी बघितली आणि विचारलं, ‘‘मावशी, तुझी रॅम १६ जीबी होती ना?’’ होतीच, ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या मीच घेतल्या होत्या. तिथे दिसत होते ८ जीबी, आणि दोनपैकी एकच स्लॉट वापरात. कॅबिनेट उघडलं तर दुसरा स्लॉट रिकामा. बोर्डाच्या स्क्रूंभोवती जुनी धूळ जशीच्या तशी घट्ट बसलेली. ते स्क्रू कुणी हलवलेच नव्हते. माळ्यावरून मदरबोर्डचा जुना खोका काढला, त्यावरचा सीरियल नंबर बोर्डावरच्या स्टिकरशी ताडून पाहिला. अक्षर न् अक्षर तेच. बोर्ड माझाच होता. पैसे गेले ते गेलेच, वर एक रॅमही गेली.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढे कळलं त्याचं. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरचा बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारा छोटा प्रोग्राम, आधी स्वतःच सगळं तपासतो, आणि स्क्रीनवर काही दाखवता येत नसेल तर बीप देऊन काय अडलंय ते सांगतो. म्हणजे बीप येतोय याचाच अर्थ बोर्डात जीव आहे. पूर्ण मेलेला बोर्ड गप्प असतो. ज्या आवाजाने मला धीर यायला हवा होता, तोच दाखवून त्याने मला घाबरवलं.

बीपची भाषा बायोसप्रमाणे बदलते, हेही लक्षात घ्या. ‘अवॉर्ड’ कंपनीच्या जुन्या बायोसवर एक लांब आणि दोन छोटे म्हणजे डिस्प्लेची अडचण, तर असूस कंपनीच्या बोर्डांवर तेच बीप म्हणजे मेमरी सापडत नाही. म्हणून आपल्या बोर्डाचं मॅन्युअल बघा. नसेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर मिळतं. एकच छोटा बीप येऊन कॉम्प्युटर सुरू होत असेल तर सहसा सगळं ठीक असतं.

लांब बीप थांबून थांबून येत राहिला तर बहुतेक वेळा रॅमच असते. पावसाळ्यात दमट हवेने तिचे सोनेरी संपर्क मळतात किंवा पट्टी जराशी सैल होते. भाच्याने मला करून दाखवलं: भिंतीवरचं बटण बंद करून वायर काढायची, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते, मग पट्टी काढून सोनेरी कड मऊ पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसायची. खोडरबराचा चुरा झटकून टाकायचा आणि पट्टी क्लिप टक्कन बसेपर्यंत दाबायची. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघायची. दहा मिनिटांचं काम आहे हो! माझंही बहुधा एवढंच झालं असणार.

मशीन बाहेर देणार असाल तर आधी आतले फोटो काढा, बोर्ड आणि रॅमवरचे स्टिकर वाचता येतील असे. काढलेला भाग परत मागा, बिलावर नव्या भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. मशीन परत आलं की त्या माणसाला दारात थांबवून रॅम आणि डिस्क किती दिसते ते बघा, पैसे त्यानंतर.

मी त्याला फोन केला तर म्हणाला, ‘‘ताई, एकच पट्टी होती.’’ दुसऱ्यांदा उचललाच नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. रॅमचं जुनं बिल, खोक्याचा फोटो आणि तो साधा कागद एका पाकिटात घालून ठेवलाय.