तिन्ही एकदम, एकेक करून, की तिन्ही थोडं थोडं? शरीर-मन-अध्यात्माचा प्लॅन निवडताना

शरीर, मन आणि अध्यात्म, तिन्हीचा मिळून स्वतःपुरता एक प्लॅन करायचा असं डोक्यात आलं की माणूस आधी काय करतो, तर एक्सेल उघडतो आणि रकाने आखतो. मी पण आखले होते. अकरा. उठायची वेळ, चालणं, वजनं, पाणी, स्क्रीनटाइम, डायरी, वाचन, ध्यान २० मिनिटं, प्रार्थना, कृतज्ञतेच्या तीन ओळी आणि झोप. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते माझ्या बाबतीत अगदी मोजून नऊ निघाले. दहाव्या दिवशी ऑफिसातून उशीर झाला, अकराव्या दिवशी आदल्या दिवशीचं राहिलं म्हणून मूड गेला, आणि मग एका रविवारी रात्री मी बसून मागच्या चार दिवसांचे टिक अंदाजाने मारले, म्हणजे स्वतःच्याच शीटमध्ये स्वतःशीच चिटिंग. त्यातली गंमत अशी की ज्या दिवशी ध्यानाला खरंच बसले होते त्या दिवशी पण निम्मा वेळ टायमरवर किती राहिलं याचाच विचार चालू होता, पण चौकोन हिरवागार.

तर असा प्लॅन करायचे साधारण तीन रस्ते दिसतात आणि मी तिन्ही कमीजास्त वापरून बघितलेत. एक, सगळं एकदम सुरू करायचं, पूर्ण टाइमटेबल. दोन, एकावेळी एकच धरायचं, ते बसलं की पुढचं. तीन, तिन्हीतलं अगदी थोडं थोडं, इतकं थोडं की टाळायला लाज वाटावी. कुठला कोणाला चालेल ते खाली लिहिते, पण आधी एक गोष्ट सांगते कारण माझ्या मते सगळा घोळ तिथेच होतो. शरीर, मन, अध्यात्म या तिन्ही गोष्टींची चाल एकसारखी नाही. शरीराचं मोजता येतं आणि ते आठवड्याच्या हिशोबात चालतं. मनाचं अर्धवट मोजता येतं आणि ते मधेच उलटंही जातं. अध्यात्माचं तुम्ही मोजायला गेलात की ते तिथून उठून जातं. आणि आपण तिन्हींना एकच टिकमार्क लावतो.

सगळं एकदम

याची एक बाजू खरंच चांगली आहे, ती म्हणजे जोर. सकाळपासून रात्रीपर्यंत सगळंच बदललं की जुन्या सवयींना जागाच उरत नाही. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये जो माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याचा, कोर्स सुरू केला तो साधारण याच जातीचा, आठ आठवडे, दर आठवड्याला क्लास, घरी रोज पाऊण तासाच्या आसपास सराव, आणि मधे एक अख्खा दिवस मौनात. पण नीट बघा, तिथे शिकवणारं माणूस आहे, ग्रुप आहे, आणि आठ आठवड्यांनी संपणार हे पहिल्या दिवशीच माहीत आहे. आपण घरी हेच करतो तेव्हा यातलं काहीच नसतं, शेवटची तारीख पण नसते, नुसतं "आता कायम".

शिवाय एक राहिलं की सगळंच कोसळतं. अकरा रकान्यांपैकी दोन लाल झाले की उरलेले नऊ हिरवे दिसतच नाहीत. ज्यांचा दिवस ज्यांच्या हातात आहे, म्हणजे रिटायर झालेले, मोठी सुट्टी घेतलेले, किंवा शिबिरात राहूनच करणारे, त्यांनी हे जरूर करावं. शिफ्ट ड्युटी, लहान मूल, घरात आजारी माणूस असं काही असेल तर नका करू, एक ना धड भाराभर चिंध्या होतात आणि वर अपराधी वाटतं ते वेगळंच.

एकावेळी एक

हा शहाण्या माणसांचा रस्ता. आधी तीन महिने फक्त व्यायाम, मग मनाचं, मग बाकीचं. यात लक्ष वाटलं जात नाही आणि प्रगती दिसते. सवय लागायला २१ दिवस लागतात असं जे सगळे ठोकून देतात ते विसरा, तो आकडा १९६० च्या सुमाराला एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने केलेल्या निरीक्षणातून आला, पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीतकमी इतके दिवस लागतात असं त्याचं म्हणणं होतं, त्यातलं "कमीतकमी" कुठे गळून पडलं कोण जाणे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० साली छापून आला, त्यात एखादी गोष्ट आपोआप व्हायला लागायला मधला आकडा ६६ दिवस आला, आणि कमीजास्त किती तर १८ पासून २५४ पर्यंत. म्हणजे एकेक करत गेलात तर तिसरी गोष्ट बसेपर्यंत अर्धं वर्ष सहज जातं, जास्तच.

आणि इथेच याची गोची आहे. क्रम लावताना अध्यात्म नेहमी शेवटी जातं आणि शेवटचा नंबर कधी येतच नाही. कोणाला विचारा, "आधी तब्येत जरा लायनीवर आणते मग बघू", हे "मग बघू" मी स्वतः दोन वर्षं म्हणत होते.

पण दोन प्रसंगी मी डोळे मिटून हाच रस्ता सांगेन. डॉक्टरांनी शुगर, बीपी, पाठ असं काही स्पष्ट सांगितलं असेल तर आधी तेवढंच करा. आणि मन खरंच खाली गेलं असेल, दोन आठवडे होऊन गेले तरी कशात रस वाटत नाही, झोप-भूक बिघडलीय असं असेल, तर प्लॅन वगैरे बाजूला ठेवा आणि काउन्सेलर किंवा डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवड्यांची पण वाट बघायची नाही, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि मदत घ्या. डायरी आणि ध्यान हे त्याला पर्याय नाहीत. उलट मन फार ढवळलेलं असताना तासन्‌तास गप्प बसल्याने काहीजणांना जास्तच त्रास होतो, हे शिबिराच्या पोस्टरवर सहसा लिहिलेलं नसतं.

तिन्ही थोडं थोडं

म्हणजे रोज दहा मिनिटं चालणं, पाच मिनिटं लिहिणं किंवा कोणाशी तरी मनातलं बोलणं, आणि पाच मिनिटं गप्प बसणं किंवा प्रार्थना, आणि हे सगळं आधीच पक्क्या असलेल्या कशाला तरी बांधून टाकायचं. दात घासले की गप्प बसायचं. जेवण झालं की चालायचं. "सकाळी वेळ मिळाला की" असं लिहिलंत तर तो मिळत नाही.

याचा मोठा फायदा खाडा झाल्यावर कळतो. त्या लंडनच्या अभ्यासातलीच एक गोष्ट मला आकड्यापेक्षा जास्त कामाची वाटते, एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा फरक पडला नव्हता. आता दहा मिनिटांचा खाडा दुसऱ्या दिवशी विसरता येतो, दीड तासाचा खाडा मात्र डोक्यावर बसतो, तो भरून काढायचा विचार सुरू होतो आणि भरून काढता काढता माणूस सोडूनच देतो. पहिल्या प्लॅनमधून पडलात तर परत उभं राहायला नवा महिना, नवा सोमवार, नवी वही लागते, इथे उद्याचा दिवस पुरतो.

तोटा पण खरा आहे, तो लपवत नाही. दहा मिनिटं रोज म्हणजे आठवड्याला ७० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितलाय, म्हणजे आपण निम्म्यालाही पोचत नाही. अजिबात न करण्यापेक्षा थोडं बरं हे तेच लोक म्हणतात, आणि पूर्वी एकावेळी सलग दहा मिनिटं तरी हवीत अशी अट होती ती पण काढून टाकलीय, त्यामुळे दोन मजले जिना चढलात तर तो पण धरा. पण म्हणून वर्षभर दहावरच बसायचं नाही. हा रस्ता निवडणाऱ्यांची हीच खोड, थोडं म्हणजे थोडंच राहतं. दर महिन्याला चालणं पाच-पाच मिनिटांनी वाढवायचं हे सुरुवातीलाच लिहून ठेवा.

आत काय घालायचं

रस्ता ठरला तरी आत भरायचं काय हा प्रश्न उरतोच.

शरीरात चालणं की जिम, असा वाद घालू नका, दोन्हीची कामं वेगळी आहेत. चालण्याने दम वाढतो, वजनं उचलल्याने (किंवा भिंतीला हात लावून पुशअप्स मारल्याने) ताकद टिकते. सुरुवात करणाऱ्याने चालण्यापासून करावी कारण त्याला काहीच लागत नाही. वेग किती, तर चालताना बोलता आलं पाहिजे पण गाता येऊ नये, एवढं बास. दहा हजार पावलांचा धसका घेऊ नका, १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं जे यंत्र विकायला आलं त्याच्या नावाचाच अर्थ "दहा हजार पावलं मोजणारं" असा होता, आकडा तिथून आलाय. आणि झोप ही व्यायामाच्या आधी. मोठ्या माणसाला सात तास तरी हवेतच, पाच तास झोपून पहाटे उठून ध्यान करणाऱ्याला डुलकी लागते, समाधी नाही.

मनासाठी डायरी की बोलणं? मला इथे थोडं रेंगाळायचंय कारण डायरीबद्दल सगळे फार गोड बोलतात. जेम्स पेनबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली प्रसिद्ध केलेला जो प्रयोग आहे त्यात विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस १५ मिनिटं आपल्याला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहून झाल्या झाल्या त्यांना बरं नाही, उलट जड वाटलं होतं, फायदा दिसला तो पुढच्या काही महिन्यांत, दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या तेव्हा. हे माहीत नसलं की माणूस दुसऱ्याच दिवशी वही फेकतो. आणि ते चार दिवसच होते, जन्मभर रोज तेच उगाळायचं असं त्यात नव्हतं. मी एकदा एका भांडणाबद्दल सलग तीन आठवडे लिहिलं, दर पानावर मीच बरोबर निघत होते, विसाव्या दिवशी वाचलं तर प्रत्येक पान सारखंच. तेव्हा बहिणीला फोन केला, तिने दोन मिनिटांत विचारलं, "पण तू तिला सांगितलंस का कधी?" वही हे विचारत नाही. त्यामुळे एकदाच काहीतरी आतून बाहेर काढायचं असेल तर वही, आणि तेच तेच फिरत असेल तर माणूस.

मनाची मोजणी महिन्यातून एकदा केली तर पुरते. डब्ल्यूएचओ-५ म्हणून पाच वाक्यांची एक छोटी प्रश्नावली आहे, मागच्या दोन आठवड्यांत किती वेळा प्रसन्न वाटलं, झोपून उठल्यावर ताजं वाटलं का अशी, प्रत्येकाला ० ते ५, बेरीज गुणिले ४, म्हणजे शंभरपैकी मार्क. ५० च्या खाली आले तर कोणाशी तरी बोलायची वेळ झाली असं समजा. रोज मोजू नका, रोज मोजलं की माणूस मूडवर पाळत ठेवायला लागतो.

अध्यात्मात ध्यान, प्रार्थना-नामस्मरण आणि सेवा असे तीन मोठे दरवाजे, आणि देव न मानणाऱ्यालाही पहिला आणि तिसरा उघडाच आहे. ज्याला एकटं बसवतं त्याने ध्यान. ज्याला गप्प बसलं की डोक्यात बाजार भरतो त्याने शब्द धरावा, नाम किंवा प्रार्थना, मनाला धरायला काहीतरी मिळतं. आणि ज्याला दोन्ही जमत नाही, त्याने दुसऱ्याच्या उपयोगी पडावं, आठवड्यातून एक तास, फोटो न काढता. हे तिसरं लोक अध्यात्मात धरतच नाहीत, पण मी तरी ध्यानाने जेवढी नरम झाले त्यापेक्षा जास्त एका आजारी शेजाऱ्यांना रोज पेपर वाचून दाखवण्याने झाले. चालणं आणि शांतता एकत्र करता येते का, तर येते, फोन घरी ठेवलात तर. कानात पॉडकास्ट घालून चाललात तर तो व्यायाम झाला, तेवढाच लिहा.

तर मग कुठला? बहुतेकांना मी तिसरा सांगेन, निदान पहिले तीन महिने, आणि त्यात झोप नीट करणं सगळ्यात आधी. आजार किंवा मनाचा खरा त्रास असेल तर दुसरा. पहिला फक्त वेळ हातात असेल आणि सोबत ग्रुप असेल तरच. अजूनही ठरत नसेल तर मागचे दोन आठवडे आठवून बघा, त्यातला सगळ्यात वाईट बुधवार कुठला होता, आणि त्या बुधवारी रात्री साडेदहाला तुमच्याच्याने काय झालं असतं. तेवढं प्लॅनमध्ये लिहा.

माझा आत्ताचा प्लॅन फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर आहे. पहिली ओळ चालणं, समोर सात चौकोन. दुसरी ओळ मनाची, समोर महिन्याचा एक आकडा, या वेळी ६४. तिसऱ्या ओळीत फक्त "गप्प बसणे" एवढंच लिहिलंय, समोर चौकोन काढलेलाच नाही.